पाळणा मोकळा असू दे

अंबाजोगाई,
वसंत पंचमी

चि. सौ. छकुलीस,


बाळाच्या खोलीचे फोटो मिळाले. भिंतीचा फिकट पिवळा रंग, खिडकीचे पडदे, छताला लावलेल्या चांदण्या, सगळं आवडलं. जावईबापूंनी स्वतः उभं राहून सुताराकडून पाळणा करून घेतला, हे ऐकून तर फारच बरं वाटलं. तू विचारलंस, "आत्या, आता अजून काय राहिलं?" राहिलं काहीच नाही. काढायचं मात्र बरंच आहे. फोनवर ऐकलेलं विसरून जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पाळण्याला आतून चारी बाजूंनी जी जाड कापसाची झालर बांधली आहेस, जिला दुकानात बम्पर म्हणतात, ती सोडून काढ. त्याच सेटमधली उशी काढ, दोन्ही बाजूंचे लोड काढ, मऊ रजई काढ, कोपऱ्यात बसवलेलं अस्वलही काढ. बाळ झोपतं तिथं एक घट्ट, सपाट गादी हवी आणि तिच्यावर चारी बाजूंनी चापून खोचलेली सुती चादर. बाहेरून मच्छरदाणी. बाळ उताणं, पाठीवर. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत दुसरं काही नको.

एवढ्या हौसेनं मांडलेलं असं रिकामं करायला सांगते म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. आरोग्यसेविकेच्या नोकरीत माझी उभी हयात बाळंतिणींच्या खोल्यांतून गेली. धारूर, केजच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांवर मी कितीतरी तान्ही लेकरं बघितली. तान्ह्या बाळाला मान नीट सावरता येत नाही. नाक एखाद्या मऊ गोष्टीत रुतलं, तर ते सोडवून घ्यायची ताकद त्याच्या अंगात नसते. शिवाय सोडलेला श्वास त्या कापसात कोंडून राहतो आणि बाळ तीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतं. आपलं तोंड असं दाबलं गेलं तर आपण दचकून जागे होतो. बाळाला तेवढी जाग येईलच असं नसतं. त्याचा आवाजही होत नाही. आई शेजारी बसून गहू निवडत असली तरी तिला कळत नाही.

एका वस्तीवर मी वजनकाटा घेऊन गेले होते. बाळ बाजेवर निजलेलं, डोक्याखाली मोहरीची उशी, दोन्ही अंगांना घडी घातलेल्या वाकळा, पडू नये म्हणून. घरातल्या साऱ्यांना वाटत होतं, लेकरू किती शांत झोपलंय. मी वाकून पाहिलं तर तोंड पुरतं वाकळेत गेलेलं, कानाची पाळी घामानं भिजलेली आणि ओठ काळपट पडायला लागलेले. उचलून पाठीवरून हात फिरवला, पायाचे तळवे चोळले, तेव्हा त्यानं टाहो फोडला. त्या घरात कुणी निष्काळजी नव्हतं. उलट काळजीपोटीच त्यांनी त्याच्या भोवती एवढं रचून ठेवलं होतं. वेळेवर कुणी पोचलं नाही तर मग "झोपेतच गेलं", "दृष्ट लागली", "सटवाईनं नेलं" असं म्हणतात आणि पुढच्या बाळाच्या वेळी पुन्हा तीच उशी बाहेर निघते.

ही झालर मुळात आली कशी, तेही सांगते. पूर्वी पाश्चात्त्य देशांत बाळाच्या पलंगाचे गज एकमेकांपासून दूर दूर असत. त्यातून बाळाचं अंग घसरून डोकं अडकायचं, म्हणून आतून कापडी भिंत बांधायची पद्धत पडली. पुढे १९७३ साली अमेरिकेत नियम झाला की दोन गजांतलं अंतर सव्वादोन-अडीच इंचांच्या आत, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटरच हवं. गज जवळ आले, झालरीचं कारण संपलं. पण ती दिसायला गोड, त्यामुळे बाजारात टिकून राहिली. ब्रॅडली थाच नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी २००७ साली मृत्यूच्या नोंदी तपासून दाखवलं, की १९८५ ते २००५ या काळात तिथली २७ बाळं या झालरीपायी दगावली होती. कुणाचं नाक तिच्यात दाबलं गेलं, कुणी झालर आणि गादीच्या मध्ये अडकलं, कुणाच्या मानेला तिचे बंद आवळले. अखेर २०२२ साली तिथं कायदा होऊन या झालरीच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या बाजारात मात्र ती अजून गुलाबी-निळ्या खोक्यांत सर्रास मिळते. सोबतीला उशी आणि दोन लोड, जणू बाळ बैठकीला बसणार आहे!

तुझा पाळणा कारखान्यातला नाही, सुतारानं केलेला आहे. म्हणून शाळेची पट्टी घे आणि गजांतलं अंतर स्वतः मोज. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं तर सुताराला परत बोलावून मधे एकेक पट्टी ठोकून घे. कापसानं फट बुजवायची नाही. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, नाहीतर बाळ त्या सापटीत जातं. एक बाजू खाली सरकणारी केली असेल तर ती खिळ्यांनी पक्की करून टाक. सरकत्या कठड्याचे पलंग अमेरिकेनं २०११ सालीच बंद केले, कारण सांधे ढिले झाले की तिथं बाळ अडकायचं. हातापायाला गजांचा मार लागेल ही भीती मनातून काढ. लागलाच तर लालसर वळ उठेल, तासाभरात जाईल.

गादीचं म्हणशील तर पिंजाऱ्याकडून भरलेली नवी कापसाची गादी फुगीर असते आणि थोड्याच दिवसांत मधे खड्डा पडतो. त्यापेक्षा नारळाच्या काथ्याची किंवा कडक फोमची घे. तळहातानं दाबून बघ; हात उचलला की तिनं लगेच सपाट झालं पाहिजे, हाताचा ठसा राहता कामा नये. वर मेणकापड घालशील तर ते गादीखाली घट्ट दुमड. सुटं प्लॅस्टिक तोंडावर आलं तर घात होतो.

आता उताणं निजवण्याबद्दल. तुझ्या सासूबाई म्हणतील, पाठीवर ठेवलं की दूध उलटून घशात अडकतं, पोर कुशीवर टाक. ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. पण नीट बघितलं तर बाळ उताणं असताना श्वासाची नळी वर आणि अन्ननलिका खाली असते. गुळणी आली तरी दूध खालच्या नळीकडे वळतं, श्वासनलिकेत चढत नाही. पालथं असलं की नेमकं उलट होतं. कुशीवर ठेवलेलं बाळ पालथं व्हायला वेळ लागत नाही. १९९० च्या दशकात न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका या देशांनी आयांना एकच गोष्ट शिकवली, बाळ पाठीवर निजवा, आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांचं प्रमाण अमेरिकेत निम्म्याहून खाली आलं. एवढ्या मोठ्या उपायाला एक पैसा खर्च नाही.

मोहरीच्या उशीवरून घरात वाद होईल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. डोकं गोल व्हावं म्हणून ती घालतात. डोक्याला आकार उशीनं येत नाही. बाळाचं तोंड आज एकीकडे, उद्या दुसरीकडे राहील असं ठेव. ते जागं असताना दिवसातून थोडा वेळ, तू समोर बसून, त्याला पालथं घाल. मान धरायला लागलं, बसायला लागलं की मागची चपटी बाजू बहुधा आपोआप भरून येते. उशीचा उसवलेला एखादा टाका आणि नाकात गेलेला मोहरीचा दाणा हा आणखी वेगळा घोर. सासूबाईंनी उशी शिवलीच असेल तर मान राखून घे आणि कपाटात ठेव.

झोळीबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे. तुझे आजोबा-आजी कोयता घेऊन दसरा झाला की गाव सोडायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. तुझा बाप तान्हा असताना कारखान्याच्या थळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत वाढला. दिवसभर आई फडात मोळ्या बांधायची आणि तो बैलगाडीच्या दांडीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. झोका द्यायला मी, तेव्हा सहा-सात वर्षांची. जमिनीवर ठेवलं तर विंचू-काटा, मुंग्या, गाड्यांची चाकं, म्हणून झोळी. माझ्या आईला दुसरा इलाज नव्हता, आणि त्या झोळीनंच तुझ्या बापाला जगवलं. आजही आपल्या बीड जिल्ह्यातून लाखांनी माणसं ऊसतोडीला जातात आणि फडाच्या कडेला अशाच झोळ्या लोंबतात. त्या आयांना नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. पण तुझ्या घरात फरशी आहे, दार आहे, पाळणा आहे. झोळीत बाळाचं अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिंचोळी होते. पहिल्या महिन्यांत हे फार जपायचं असतं. रडतंय म्हणून समोर बसून चार झोके दे. डोळा लागला की उचल आणि सपाट गादीवर ठेव. ही अडचण केवळ आपल्याच झोळीची आहे असं नाही. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीचा रॉक एन प्ले नावाचा तिरका पाळणा घरोघर होता. बाळं दगावल्याचं उघड झाल्यावर २०१९ साली कंपनीला सुमारे ४७ लाख नग परत मागवावे लागले. झालरीवर बंदी घालणाऱ्या त्याच २०२२ च्या कायद्यानं दहा अंशांहून जास्त उताराचे झोपण्याचे पाळणेही बंद केले.

तुझ्या बापाला मिळाली नाही ती खोली तू बाळाला देते आहेस, म्हणूनच तुझी हौस मला कळते. ती हौस मोडायची माझी अजिबात इच्छा नाही. फक्त ती पाळण्यातून उचलून भिंतीवर ने. आईनं जुन्या इरकली लुगड्याची शिवलेली गोधडी माझ्याकडे पेटीत आहे. काठाला तांबडी पट्टी आणि मधे हातानं घातलेले बारीक धावदोऱ्याचे टाके. ती मी डोहाळजेवणाला घेऊन येईन. पाळण्यापासून लांबच्या भिंतीवर वरून काठीत ओवून लाव. बाळ जागं असताना फरशीवर अंथरून त्यावर खेळव. झोपताना मात्र ती बाळाच्या अंगावर किंवा अंगाशी नको.

चिमणाळं टांगशील तर बाळाचा हात पोचणार नाही इतकं उंच बांध, आणि ते हाताचा टेका देऊन उठायला लागलं की काढून ठेव. पडद्याच्या दोऱ्या, दिव्यांच्या माळा, मोबाइलच्या चार्जरची वायर पाळण्याच्या आवाक्यात नको. गळ्यात काळा दोरा, ताईत, मण्यांची माळ यातलं काही घालू देऊ नकोस. हौस म्हणून बारशाच्या दिवशी फोटोपुरतं घालतील, ते झोपवण्याआधी काढायचं. खेळणी घेशील तर आयएसआय शिक्का बघून घे. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

रंगाचं एक महत्त्वाचं. तुमच्या नव्या भिंतींचं मला भय नाही. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. पण तुझ्या सासरचा माडीवर ठेवलेला जुना रंगीत पाळणा बारशाला खाली काढायचं चाललंय, असं वहिनी, तुझी आई, म्हणाली. जुन्या तेलरंगात, विशेषतः पिवळ्या-तांबड्यात, शिसं भरपूर असायचं. दात येताना बाळ कठडा चावतं आणि ते पोटात जातं. शिसं मेंदूला बाधतं, आणि त्याचं नुकसान भरून येत नाही. तो पाळणा नावं ठेवण्यापुरता, फुलं लावून वापरा आणि पुन्हा माडीवर ठेवा. त्याचा रंग तू खरवडायला बसू नकोस, तुझ्यासमोर कुणाला बसूही देऊ नकोस. ती धूळ पोटातल्या बाळालाही चांगली नाही.

आणि ज्या खोलीत बाळाचे पहिले दिवस खरोखर जाणार, ती तर तू सजवलेली खोली नव्हेच! पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे वहिनीच्या घरातली मागची पत्र्याची खोली. बाळंतपण ऐन वैशाखात येतंय. बीडचा वैशाख तुला सांगायला नको, पारा चाळिशी ओलांडतो, वर पत्रा, त्यात वीज गेलेली. अशा खोलीत बाजेखाली शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी, दारं-खिडक्या बंद आणि बाळ कुंचीत गुंडाळलेलं, हे मी डोळ्यांसमोर आणते आणि मला झोप लागत नाही. बंद खोलीतल्या कोळशाचा वायू जिवावर बेततो, त्याला वासही नसतो. धूर तर तान्ह्या छातीला सोसतच नाही. डासांच्या कॉइलचंही तेच. अति उष्मा हेही झोपेत बाळ दगावण्याचं एक कारण मानतात. वहिनीशी मी बोलले आहे. शेक घ्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीनं तुझ्या कमरेला घे. बाळंतिणीची खाट पुढच्या स्लॅबच्या खोलीत हलवायची, खिडकी उघडी, जाळी लावलेली, पंखा मंद. कूलरचा झोत बाळावर सरळ नको. अंगात एक पातळ सुती झबलं पुरे. जन्मानंतरचे पहिले दिवस, किंवा वजन कमी भरलं तर, टोपडं-मोजे दवाखान्यात सांगतील तसे. पुढं घरात झोपताना डोकं उघडंच असू दे. मान आणि छाती चाचपून बघ. घाम असेल तर कपडा जास्त झाला. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, ते बऱ्याचदा गारच असतात.

सासरी परतलीस तरी निदान सहा महिने बाळाचा पाळणा तुमच्याच खोलीत, तुझ्या खाटेला लागून ठेव. रात्री पाजायला सोपं आणि श्वास कानावर राहतो. पाजता पाजता डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यावर, आरामखुर्चीत बसू नकोस. तिथं बाळ अंग आणि गादीच्या मधे सरकतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते बाळाच्या आसपास नकोच, आणि अशा माणसाशेजारी बाळ निजवायचं नाही. सजवलेली खोली दिवसा वापर. तेल लावायला, खेळवायला, पाहुण्यांना बसवायला. पुढे वर्षानंतर ती खरी त्याची होईल.

महाग सामानाचा सोस धरू नकोस. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार आईला एक पुठ्ठ्याचं खोकं देतं. आधी गरजूंना, १९४९ पासून सगळ्यांना. त्यात बाळाचे कपडे आणि तळाला बसेल एवढी गादी. कित्येक पिढ्या त्या खोक्यातच पहिली झोप झोपल्या. डोहाळजेवणाला काय आणू असं कुणी विचारलं तर सुती दुपटी, झबली आणि चांगली मच्छरदाणी सांग. बेडिंगचे सेट आणू नका, असं स्पष्ट सांग, त्यात लाजायचं काही नाही.

एक गोष्ट फोटोत खटकली. पलंगासमोर, तुझी नजर उठता-बसता जावी तिथं, रांगत्या बाळकृष्णाचं मोठं चित्र. देवाला ना नाही गं. पण आपल्याकडे ते कशासाठी लावतात हे तुला आणि मला दोघींना ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. २०१५ साली बेटी बचाओ योजनेत निवडलेल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचं नाव आलं, ते याच कलंकामुळे. मी त्या काळात गावोगाव हिंडले आहे, रजिस्टरात नोंदलेली आणि पुढं नाहीशी झालेली पोटं मी पाहिली आहेत. म्हणून सांगते, त्या चित्राशेजारी एक मुक्ताबाईचं किंवा जिजाऊंचं चित्र लाव. येणाऱ्या लेकराला, ते कुणीही असो, या खोलीत आपली वाट पाहिली जात होती असं वाटलं पाहिजे.

बाळंतपणानंतर घरी आलीस की आशाताई येतील. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची भेट असते. या पद्धतीनं गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बाळं वाचवून दाखवली, तेव्हा ती देशभर आली. आशाताईंना चहा पाजून परत पाठवू नकोस. बाळ कुठं झोपतं, कसं झोपतं, ते खोलीत नेऊन दाखव. दूध ओढेना, अंग गार किंवा तापलेलं, श्वास फार जलद, छाती आत ओढली जातेय असं दिसलं तर घरगुती काढे न करता १०८ ला फोन लावायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरळ अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात यायचं. मी इथंच आहे, रात्री किती का वाजेनात.

हे पत्र वहिनीला आणि सासूबाईंना, दोघींनाही मोठ्यानं वाचून दाखव. कुणाला राग आला तर तो माझ्यावर येऊ दे, मला फोन लावून दे, मी बोलेन त्यांच्याशी. पण बाळाच्या पाळण्यात उशी येऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या